आधी फांदी तोडा, मग गाडी काढा

कुत्र्याने कुंडीतलं किंवा सोसायटीच्या बागेतलं काहीतरी चावलंय असं दिसलं की बहुतेक घरांत पहिली धाव स्वयंपाकघराकडे असते. दूध, तूप, मिठाचं पाणी, हळद, जे हाताला लागेल ते. खरं तर धाव त्या झाडाकडे हवी. पान, देठ, असेल तर फूल नि फळ यांच्यासकट वीतभर फांदी तोडायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकायची आणि अख्ख्या झाडाचा एक फोटो काढायचा. दोन मिनिटांचं काम आहे. दवाखान्यात पहिला प्रश्न असतो "काय खाल्लं?" आणि "पामसारखं काहीतरी होतं" या उत्तरावर डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. ते अरेका पाम असेल तर फार काही करावं लागत नाही. सायकस असेल तर पुढचे तीन दिवस यकृत सांभाळण्यात जातात.

सायकसबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून नवी मुंबईतल्या खारघरपर्यंत नव्या टॉवरच्या गेटशी, लॉबीच्या पायऱ्यांशी हे झाड हमखास असतं. नर्सरीत त्याला 'सागो पाम' म्हणून विकतात, पण ते पामच्या कुळातलं नाहीच. ओळख सोपी आहे. अरेकाला एकाच कुंडीत अनेक सडपातळ, बांबूसारखी कडी असलेली हिरवी-पिवळी खोडं असतात आणि पातं हातात घेतलं तर मऊ वाकतं. सायकसचं खोड एकच, जाड, अननसासारखं खवल्याखवल्यांचं. पातं कडक, आणि त्याच्या टोकावर बोट दाबलं तर सुईसारखं टोचतं. मादी झाडाच्या मध्यभागी लोकरीसारखा पिवळट गोळा धरतो, त्यात नारिंगी-लाल, सुपारीहून मोठ्या बिया असतात. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, पण या बिया सगळ्यात वाईट. एक-दोन बियाही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात, आणि चेंडूसारख्या गोल असल्यामुळे पिल्लं त्या तोंडात धरून खेळतात.

त्यातलं विष म्हणजे सायकॅसिन. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून काही तासांत उलट्या सुरू होतात, मग जुलाब, लाळ, मलूलपणा. इथे फसगत होते ती अशी, की एक-दोन दिवसांत कुत्रा जरा सावरल्यासारखा वाटतो. यकृताचे आकडे मात्र २४ ते ४८ तासांनी चढायला लागतात, आणि दोन-तीन दिवसांनी हिरड्या पिवळ्या दिसल्या की उशीर झालेला असतो. "उलटी झाली, पोट साफ झालं, आता बरा आहे" हे वाक्य सायकसच्या बाबतीत अजिबात चालत नाही.

दुसरं मोठं नाव कण्हेरीचं. रस्त्याच्या दुभाजकांवर, सोसायटीच्या कुंपणाला, मंदिराच्या आवारात सगळीकडे ती असते, कारण तिला पाणी कमी लागतं आणि गुरं तोंड लावत नाहीत. आता का लावत नाहीत, हेच खरं तर पुरेसं सांगणारं आहे. लांबट, चामड्यासारखी पानं, एकेका पेरावर तीन-तीन, मधली शीर पांढरट. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी. तिच्या त्रिकोणी हिरव्या फळातल्या बियांनी कित्येक पिढ्या मुलं खेळली. दोन्हींतलं विष थेट हृदयावर काम करतं. लाळ आणि उलट्या आधी, मग नाडी मंद किंवा वेडीवाकडी, रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं, कुत्रा चालता चालता बसतो.

ताजं पान कडू असतं म्हणून कुत्रा बहुतेकदा थुंकून टाकतो. धोका छाटणीनंतर असतो. माळी कुंपण छाटतो, ढीग दोन दिवस पार्किंगच्या कोपऱ्यात पडून राहतो, पानं सुकतात, कडवटपणा कमी होतो, विष तसंच राहतं. त्या ढिगातली काठी उचलून कुत्र्याला "आण रे" म्हणून फेकणं तर सरळ विष हातात देणं आहे. दुसरी जागा घरातच असते: गणपतीच्या पत्रीत कण्हेर, धोत्रा आणि रुई तिन्ही असतात, आणि तिन्ही विषारी. निर्माल्याची पिशवी विसर्जनापर्यंत जमिनीवर ठेवू नका, दाराच्या वरच्या कडीला अडकवा. फुलदाणीतलं कण्हेरीचं पाणीसुद्धा कुत्र्याच्या वाट्याला जाऊ नये. बाल्कनीतलं अडेनियम आणि कुंडीतली पानफुटी हीदेखील याच जातीच्या विषाची, हे नर्सरीवाले सांगत नाहीत.

उलट ज्या झाडांमुळे सगळ्यात जास्त घाबरगुंडी उडते ती बहुधा कमी धोक्याची असतात. मनी प्लांट, डिफेनबॅकिया, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, पीस लिली, शोभेचा अळू. यांच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्च्या अळवाने घसा खवखवतो तोच प्रकार. कुत्रा चावतो, लगेच किंचाळतो, पंजाने तोंड घासतो, लाळेच्या तारा लोंबतात. दृश्य भयंकर, पण आग झाल्यामुळे तो फारसं गिळत नाही. तोंड ओल्या फडक्याने पुसायचं, पाणी द्यायचं, आणि इथे मात्र चमचा-दोन चमचे गार दही किंवा दूध खरंच उपयोगी पडतं, कारण आग शमते. काही तासांत उतार पडतो. जीभ-घसा सुजून श्वासाला घरघर लागली तर मात्र थांबायचं नाही, निघायचं.

बाकीची भराभर. धोत्रा मोकळ्या प्लॉटवर आणि खाडीकाठी असतो. त्याने बुबुळं मोठी होतात, तोंड कोरडं पडतं, कुत्रा सैरभैर होतो आणि अंग तापतं. एरंडाची बी अख्खी गिळली तर कधी तशीच बाहेर पडते, चावली तर रक्ताचे जुलाब होतात, आणि लक्षणं उमटायला एक-दोन दिवसही लागू शकतात. पावसाळ्यात ठाण्याच्या येऊरच्या जंगलाच्या बाजूला फिरायला नेत असाल तर कळलावीचा वेल ओळखायला शिका, ज्वाळेसारखं लाल-पिवळं फूल. तिचा कंद सगळ्यात विषारी आणि उकरायची सवय असलेल्या कुत्र्याला तो सापडतो. सदाफुलीही निरुपद्रवी नाही. कोरफडीने जुलाब होतात, त्यापलीकडे सहसा काही नाही. जास्वंद, मोगरा, अरेका, स्पायडर प्लांट यांच्यासाठी झोप उडवू नका.

आता घरी काय करायचं. कुत्र्याला झाडापासून दूर घ्या, तोंडात उरलेला चोथा बोटांनी काढा (चावणारा असेल तर नको), ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसा. घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. उलटी झाली असेल तर तिचा फोटो काढा, थोडी डब्यात भरा. त्यात बीचे तुकडे दिसले तर ते सोन्याइतके मोलाचे. वजन माहीत नसेल तर कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग तुमचं वजन वजा करा, कारण प्रत्येक औषध किलोवर ठरतं. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोजा आणि चाराने गुणा. मोठ्या कुत्र्याची शांत असताना ६० ते १०० असते, छोट्यांची १४० पर्यंत. लॅब्रॅडॉर लाळ गाळत पडलाय आणि नाडी ४५ लागतेय, तर फोनवर हे एक वाक्य सांगितल्याने दवाखान्यात ईसीजी आधीच लावून ठेवतील.

घरी उलटी काढायची नाही. मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम चढून झटके येतात. तेल-तूप फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. घशात बोटं घातली तर दोघांनाही जखमा. परदेशी व्हिडिओंत हायड्रोजन पेरॉक्साइड पाजताना दाखवतात, पण तो ३ टक्क्यांचा असतो. आपल्याकडे केमिस्ट जी '२० व्हॉल्यूम'ची बाटली सरसकट देतो ती ६ टक्क्यांची, म्हणजे दुप्पट तीव्र, आणि तिने जठराचं अस्तर भाजतं. शिवाय पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांत उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती जास्त, आणि आपल्या फ्लॅटांत हेच जास्त.

निघण्याआधी फोन करा, कारण जवळचा दवाखाना म्हणजे योग्य दवाखाना असेलच असं नाही. बरेच दवाखाने दुपारी काही तास आणि रात्री बंद असतात. विचारायचं एवढंच: आत्ता डॉक्टर आहेत का, उलटी करवणारं इंजेक्शन आणि चारकोल (पोटातलं विष शोषून घेणारी कोळशाची पूड) आहे का, ईसीजी होतो का, रात्रभर ठेवून घेता का. चारपैकी पहिल्या दोनला 'हो' असेल तर आधी तिथेच जा. पोट रिकामं करण्याचा फायदा साधारण पहिल्या दोन तासांतच असतो, आणि ठाण्यातल्या माजिवड्याच्या कोंडीत पाऊण तास घालवून मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यात तो वाया जातो. उलटी आणि चारकोल कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, देखरेख मोठ्या ठिकाणी, हा क्रम बरा.

मोठं ठिकाण म्हणजे परळचं बाई साकराबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय किंवा महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेलं टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय. ठाण्याहून रिक्षाने निघालात तर ती शीवपुढे जात नाही, हे ऐन वेळी आठवतं. उलवे-द्रोणागिरीकडून अटल सेतूने शिवडीला उतरलं की परळ जवळ, पण सेतूवर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत. सोसायटीत चारचाकी कोणाची, रात्री बेल मारली तर कोण उठेल, हे आजच ठरवून ठेवा.

दवाखान्यात उलटी काढून झाली की सक्रिय चारकोल देतात, वजनाच्या किलोमागे १ ते २ ग्रॅम. २० किलोच्या कुत्र्याला किमान २० ग्रॅम. केमिस्टकडच्या २५० मिलिग्रॅमच्या चारकोल गोळ्यांनी हे गाठायचं तर ८० गोळ्या लागतील. म्हणून "घरी दोन गोळ्या दिल्यात" याला काही अर्थ नाही. कण्हेर आणि सायकसमध्ये चारकोल काही तासांनी पुन्हा देतात. दुसऱ्या दिवशी शी काळी कुळकुळीत होते, ते रक्त नव्हे. कण्हेर असेल तर निदान २४ तास ईसीजीवर ठेवतात, नाडी फार उतरली तर अ‍ॅट्रोपीन देतात. सलाइनमधलं पोटॅशियम बघून दिलं जातं, आणि ओआरएसमध्येही पोटॅशियम असतं, त्यामुळे "घरी ओआरएस पाजू का" असं विचारलंत तर डॉक्टर नाही म्हणतील आणि बरोबरच म्हणतील. सायकसमध्ये यकृताची तपासणी आणि रक्त गोठायला लागणारा वेळ ही जोडी पहिल्या दिवशी आणि मग रोज, तीन दिवस. पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून दुसरा चुकवणारे लोक असतात. पहिला चांगलाच येतो. तो फक्त तुलनेसाठी असतो.

सोसायटीत करायचं काम माळ्याशी बोलण्यापासून सुरू होतं. कण्हेरीची छाटणी त्याच दिवशी गोणीत भरून तोंड बांधून बाहेर. सायकस काढायला कमिटी तयार नसेल, आणि शक्यतो नसतेच कारण ते महागडं झाड आहे, तर निदान मधला बियांचा गोळा दिसताच हातमोजे घालून कापायला सांगा. तो ओल्या कचऱ्याच्या बादलीत जाऊ देऊ नका. ती बादली रात्रभर पार्किंगमध्ये उघडी असते, आणि गेटवरची भटकी कुत्री तिच्यातच जेवतात.