नानांचा वीतभर व्रण आणि माझी चार भोकं

डिसेंबरात शेतातल्या भरीत पार्टीहून घरी आलो आणि रात्री दोनच्या सुमाराला उजव्या बरगडीखाली कळ निघाली. पाना लावून आतून आवळावं तशी. ती पाठीतून थेट खांद्याच्या फऱ्यापर्यंत गेली. खान्देशात भरीत बाधलं असं कोणी म्हणत नाही, म्हणून दोष गेला ॲसिडिटीला. एका डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि त्या मी चार महिने इमानाने खाल्ल्या. त्यांनी पोटाला हात लावून पाहिलंच नाही, हे तेव्हा खटकलंसुद्धा नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आलेली. आमरस, खापरावरचे मांडे, वर तुपाची धार. त्या रात्री उलट्या थांबेनात. सकाळी धुळ्याला सोनोग्राफी केली, तर पित्ताशयात तीन खडे आणि त्यातला मोठा १४ मिलिमीटरचा.

पारोळ्यात माझं बी-बियाणं-खतांचं दुकान आहे. बातमी काउंटरवरून तालुकाभर झाली आणि दर दुसरा गिऱ्हाईक मुतखड्यावर देतात तो पानफुटीचा पाला घेऊन यायला लागला. मुतखडा आणि पित्तखडा लोकांच्या लेखी एकच. मुतखड्याला लघवीची वाट तरी असते. पित्ताशयातला खडा निसटला तर पित्तनळीत अडकतो, मग कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. सर्जनांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मी विचारलं, "खडे तेवढे काढा ना, पिशवी राहू द्या." ते म्हणाले, "खडे बनवणारी पिशवीच ती. ठेवली तर पुन्हा बनवेल." पित्त यकृतात तयार होतं, पिशवी फक्त साठवते, त्यामुळे ती नसली तरी चालतं, हे मला पन्नाशीत कळलं.

माझी खरी भीती वेगळी होती. आमच्या नानांचं मुतखड्याचं ऑपरेशन १९८३ साली झालं. बरगडीखालून कमरेपर्यंत तिरपा व्रण, चांगला वीतभर, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके. दीड महिना ते बाजेवर होते आणि त्या वर्षीची पेरणी चुलत्यांनी केली. लहानपणी मी त्या व्रणावरून बोट फिरवायचो. आता मे लागलेला, जूनमध्ये कपाशीच्या बियाण्याची झुंबड. दीड महिना दुकान बंद म्हणजे वर्ष गेलं.

मायने मात्र सगळं हसण्यावारी नेलं. "तू कायले घाबरस रे? माले तं सकाय लयी गयात नि दुफारले घर आनी सोडं." म्हणजे तिला सकाळी नेलं आणि दुपारी घरी आणून सोडलं. ती बोलत होती १९८६ च्या कुटुंब नियोजन शिबिराबद्दल. आरोग्य केंद्राच्या ओसरीवर बायांची रांग, बेंबीजवळ भूल, दुर्बीण आत, दोन्ही नळ्यांना रबरासारखी एकेक रिंग, दोन टाके. मला अर्धवट आठवतं. मोबाईलवर वाचत बसलो तेव्हा त्या गोष्टीचं वजन कळलं. दुर्बिणीतून पित्ताशय पहिल्यांदा काढलं जर्मनीत एरिख म्यूह यांनी, १९८५ साली, आणि त्यांच्याच देशातल्या सर्जन मंडळींनी त्यांना धूप घातली नाही. त्याआधी १९८० मध्ये कुर्ट झेम यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं होतं. ते होते स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यामुळे त्यांच्यावर टीका आणखी जास्त. भारतात पित्ताशयाचं असं ऑपरेशन डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० साली केलं. म्हणजे मोठे मोठे सर्जन दुर्बिणीला नाक मुरडत होते, तेव्हा खेड्यापाड्यातल्या बाया ओसरीवर झोपून त्याच दुर्बिणीखालून मोकळ्या होत होत्या. मायला हे सांगितलं. ती म्हणे, "मंग?"

माझंही ऑपरेशन दुर्बिणीनेच, जळगावला ठरलं. संमतीपत्रावर एक ओळ होती: गरज पडल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया. माझा पेन तिथे अडकला. सर्जन म्हणाले, "आत फार चिकटलेलं असेल आणि नळी नीट ओळखता आली नाही तर मी उघडणारच. हट्टाने दुर्बीण चालवून मुख्य पित्तनळी कापली गेली तर जन्माचं दुखणं." हे ऐकून उलट बरं वाटलं. सही केली.

रात्री बारापासून पाणीसुद्धा बंद. बाहेर ४४ अंश. सकाळी वॉर्डबॉयने बेंबी कापसाने अशी घासून काढली की पन्नास वर्षांचा मळ निघाला असेल. टेबलावर तोंडावर मास्क आला, छतावरचा दिवा दिसला, आणि पुढचं काही नाही.

जागा झालो तर पोट ठीक, पण उजवा खांदा ठणकत होता. मला वाटलं, झालं, हार्ट. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "काका, गॅस आहे. उठून चाला." पोट फुगवून आत जागा करायला कार्बन डायऑक्साइड भरतात. तो पेट घेत नाही, म्हणून आत विजेच्या उपकरणाने रक्तस्राव थांबवता येतो, आणि रक्तात विरघळून श्वासातून निघून जातो. उरलेला छातीपोटामधल्या पडद्याला डिवचतो. त्या पडद्याची नस मानेतून येते, खांद्याच्या नसांच्या शेजारून, म्हणून दुखतं खांद्याला. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत उतरलं.

वॉर्डात आम्ही तिघं. एरंडोलचा एक पोरगा मुतखड्याचा, त्याच्या पाठीत बोटभर रुंदीचं एकच छिद्र आणि त्यातून नळी. पलीकडे प्रोस्टेटचे आजोबा, त्यांना तर अंगावर कुठेच चीर नाही, लघवीच्या वाटेनेच सगळं झालेलं. त्या पोराला मी नानांच्या व्रणाची लांबी हाताने दाखवली, तर म्हणाला, "काका, काहीही सांगता."

तिसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी मिळाली, पण निघालो रात्री आठला. मेडिक्लेमवाल्यांची क्वेरी आली होती: हा आजार पॉलिसीच्या आधीपासून होता का? ऑपरेशनपेक्षा तो दिवस मला लांब गेला.

एक राग मात्र आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनला "बिनटाक्याचं" म्हणतात ना, त्यामुळे लोकांना ते दाढ काढल्यासारखं वाटतं. टाके असतात, चार ठिकाणी. भूल पूर्ण असते. आतून कापतात तेवढंच, फक्त दार लहान. आठव्या दिवशी गल्ल्यावर बसलो तर एक जण म्हणाला, "भाऊ, एवढी युरियाची गोणी गाडीवर ठेवू लागा." ४५ किलोची. मी शर्ट वर करून पट्ट्या दाखवल्या. तो म्हणाला, "हे तर खरचटलंय." गोणी त्यानेच उचलली. मी महिनाभर हात लावला नाही, बेंबीतून हर्निया घेऊन पुन्हा जळगावची वारी कोणाला हवी?

खडे मला डबीत घालून दिले होते, पिवळट काळे. मायने डबी हलवून पाहिली. "इतलाच?" मग माझ्या बेंबीजवळची पट्टी निरखली आणि पदर सावरत म्हणाली, तिथंच तिचाही टाका होता, पण आता शोधूनही सापडत नाही.