तीन सेकंद

मुंबईत थांबणं हा जवळजवळ गुन्हा आहे. दादरच्या पुलावर क्षणभर थबकून बघा, मागून चार खांदे लागतात. हीच घाई वर्गातही शिरते. पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, त्यातली पाच हजेरीत गेलेली. 'सांगा, कसं काढायचं?' असं विचारून होतं न होतं तोच दुसरा प्रश्न, नाहीतर उत्तरही बाईंच्याच तोंडून.

मेरी बड रो या अमेरिकी विज्ञानशिक्षण-अभ्यासिकेने १९७० च्या दशकात वर्गांतल्या संवादांच्या ध्वनिफिती ऐकून हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबत, 'माहीत नाही' कमी होई आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलत.

तीन सेकंद म्हणजे मनात सावकाश 'एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन'. करून पाहिलं की कळतं, केवढे लांब असतात ते. रुळांलगतच्या शाळांत जलद लोकल धडधडत गेली की बाई वाक्य अर्धवट धरून दहा-बारा सेकंद निमूट उभ्या राहतात. ते कुणाला खटकत नाही. पोरासाठी तीन मात्र जड जातात.

थांबण्यातही चुका होतात. आधी नाव आणि मग प्रश्न, असं केलं की बाकीचे चाळीसजण सुटीवर जातात. म्हणून प्रश्न आधी, मग शांतता, नाव शेवटी. एकाच मुलावर नजर रोखून थांबलात, तर ती चौकशी होते. आणि 'सात आठे किती'साठी थांबण्यात अर्थ नाही. ते येतं किंवा येत नाही.

दुसरा थांबा उत्तरानंतरचा, आणि तोच जास्त चुकतो. मूल श्वास घ्यायला थांबतं, आपल्याला वाटतं संपलं. लगेच 'छान!' म्हटलं की वर आलेली इतर बोटं खाली जातात, कारण निकाल लागलेला असतो. उत्तर मोठ्याने पुन्हा उच्चारायची सवयही वाईट: मग मुलं एकमेकांचं कशाला ऐकतील? बाई सांगतीलच. मुलाचा आवाज बारीक असेल तर आपण जवळ जातो. खरं तर दोन पावलं मागे सरकावं. त्याला आवाज चढवावा लागतो आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. खडू मात्र आधी खाली ठेवावा. हातात खडू असला की फळ्याकडे वळायची घाई दिसते, आणि मुलं ती बरोबर वाचतात.

आता एक उत्तर घ्या. ५२ वजा २७ किती? पोर म्हणतं, ३५. 'चूक, बस खाली' म्हणायला एक सेकंद लागतो. 'कसं काढलंस?' विचारलं तर कळतं, की त्याने सातातून दोन काढले आणि पाचातून दोन. लहान आकडा मोठ्यातून वजा करायचा, हा त्याचा पक्का नियम आहे. दशक सुटा करायचा असतो, हे त्याच्या डोक्यात उतरलेलंच नाही. असा नियम वर्गात बहुधा आणखी चार-पाच वह्यांत सापडतो, म्हणून ही अर्ध्या मिनिटाची चौकशी स्वस्तच पडते.

या शहरात उत्तर कुठल्या बोलीत येईल, सांगता येत नाही. 'पानी', 'मेरेको', मधेच कोकणी हेल. गणिताच्या मध्ये 'ण'ची शिकवणी काढली की मूल विचार सोडून जीभ सांभाळू लागतं. आधी गणित ऐकावं, मग आपल्या वाक्यात 'पाणी' सहज म्हणावं. ते ऐकतं. (करंगळी वर असेल तर मात्र काहीच ऐकत बसू नये, सोडावं.)

सगळ्यांचं ऐकायला वेळ पुरत नाही, हे खरंच. घंटा झाली आणि कुणाचं बोलणं राहिलं, तर 'नंतर' एवढंच म्हणू नये. फळ्याच्या कोपऱ्यात त्याचं नाव लिहावं. ते दिवसभर त्या कोपऱ्याकडे बघत असतं. दुपारपाळीच्या बाई येऊन डस्टर फिरवायच्या आत त्याचं ऐकून झालेलं असावं.