पाठमोरा दरबार

मी ऐतिहासिक मालिकांच्या कपडेपटात काम करते. फ्रेममध्ये आपलं काम किती दिसलं, यावर आमचा दिवस बरा की वाईट ते ठरतं. आग्र्याच्या दरबाराचं शूटिंग झालं त्या दिवशी माझं काम जवळजवळ दिसलंच नाही. तरी मी सगळ्यात जास्त वेळा सांगते तो हाच दिवस.

गोरेगावची फिल्मसिटी, मे महिना, पत्र्याच्या फ्लोअरमध्ये उभारलेला दिवाण-ए-खास. गर्दीतल्या ज्युनियर कलाकारांच्या दाढ्या घामानं सुटून येत होत्या. प्रसंग 12 मे 1666 चा. पुरंदरच्या तहात 23 किल्ले देऊन वर्षही उलटलेलं नाही, महाराज औरंगजेबासमोर उभे आहेत, सोबत नऊ वर्षांचे शंभूराजे. मुघल अमलात मुसलमान सरदार जाम्याची (घेरदार लांब अंगरख्याची) गाठ उजवीकडे बांधत, हिंदू डावीकडे. या दरबारात राजपूतही बरेच, म्हणून प्रत्येकाची गाठ मी स्वतः बघितली होती. (एडिटरनं शॉट डावा-उजवा उलटवला, की क्षणात राजपुतांचे मुघल होतात, ते वेगळंच.)

आमचे सर, म्हणजे दिग्दर्शक, कोल्हापूरचे, भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओच्या गावात वाढलेले. ते मुंबईत आले तेव्हा दूरदर्शनवर श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' चालू होती. तिच्यात नसिरुद्दीन शाह महाराज झाले होते आणि ओम पुरी औरंगजेब. हेच ओम पुरी त्याआधी सम्राट अशोकही होऊन गेले होते. सर म्हणतात, "माणसं कमी पडली म्हणून इतिहास अडत नाही. ती कुठे उभी करायची ते कळलं पाहिजे."

स्क्रिप्टमध्ये महाराजांना भलंमोठं भाषण होतं, चॅनलला प्रोमोसाठी हवं होतं. सरांनी ते बाजूला ठेवलं. आंबेरच्या राजपूत दरबाराचा माणूस परकालदास यानं आग्र्याहून तिथल्या कारभाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत या दिवसाची हकिकत आहे: इतरांना खिलती (मानाची वस्त्रं) मिळाल्या, महाराजांना नाही, ते संतापले आणि बादशहाकडे पाठ फिरवून बाजूला झाले. बखरीत आणखी एक गोष्ट येते. पुढे जोधपूरचा राजा जसवंतसिंग उभा होता, आणि ज्याची पाठ आपल्या लष्करानं पाहिली त्याच्या मागे आपल्याला उभं केलं, याचा महाराजांना राग आला.

"म्हणजे महाराजांना दिसतायत त्या पाठी," सर म्हणाले. "कॅमेरा मागे न्या. शंभूराजांच्या उंचीवर."

"सर, मग गाठी दिसणार नाहीत," मी म्हटलं.

"अगं, महाराजांना तरी कुठे दिसत होत्या?"

यावर काय बोलणार? पण खरी पंचाईत वेगळीच होती. भाड्यानं आणलेले जामे कुणाच्याच मापाचे नसतात. ते समोरून चापूनचोपून बसावेत म्हणून मागून सेफ्टी पिना मारायच्या, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित. सगळ्या दरबाराच्या पाठीवर पिना चमकत होत्या. त्यात बालकलाकाराला दिवसाला पाच तासांच्या वर काम देता येत नाही, आणि शंभूराजांचे चार केव्हाच होऊन गेले होते. ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर, घड्याळ दाखवत फिरत होता.

ड्रेसदादा ओरडले, "ताई, सुया काढा!" मग आम्ही रांगेतून बसत-उठत पिना काढल्या आणि कच्चे टाके घातले. एक पंचहजारी सरदार म्हणाला, "मॅडम, आता टोचत नाही, बरं वाटतं." मेकअपवाली मुलगीही सुई घेऊन बसली होती. सेटिंगदादांनी तोवर ट्रॉली खाली घेतली.

टेक झाला. पाठीच पाठी, त्यांच्यामधून दूरवर तख्ताचा तुकडा. आणि महाराजांचं काम करणारा नट वळला, तेव्हा मला सरांचा हिशोब कळला. औरंगजेबाकडे पाठ फिरवली, की चेहरा आपसूक कॅमेऱ्याकडे येतो. त्या शॉटमध्ये तो चेहरा तिथेच पहिल्यांदा दिसतो. शंभूराजे झालेला मुलगा मान वर करून बापाकडे बघत राहिला. ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो वेळेत सुटला.

त्यानंतर चॅनलसाठी भाषणाचीही आवृत्ती घेतली. प्रोमोत तीच गाजली. एपिसोडमध्ये आमचा शॉट राहिला, पण त्या वळण्यावर विजेचा कडकडाट तीनदा टाकला होता. मला तो अजून सहन होत नाही. सर टेलिकास्ट बघत नाहीत, ते एका अर्थी बरंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला: हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन झोपतो ती शाल कुठली आणलीय, आणि तिची मागची बाजू कशी आहे?