फटी बुजवल्या आणि तुरा गेला

अमेरिकेत, मिनियापोलिसला उणे सव्वीस अंश होतं. सकाळी खुराडं उघडलं तर आमच्या पांढऱ्या लेगहॉर्न कोंबडीच्या तुऱ्याची टोकं राखेसारखी झालेली. आदल्या रात्री मीच चिंध्या कोंबून एकूण एक फट बुजवली होती. साताऱ्याकडे आजी मुंगसाच्या भीतीनं डालग्यावर पोतं टाकून वर दगड ठेवायची. हात त्याच वळणाचा. इथे तो नडला. चार कोंबड्यांचा श्वास आणि ओली शीट, यांची वाफ जाणार कुठे? तुऱ्यावर बसली आणि गोठली. कोरड्या थंडीत कोंबडी तगते, दमट थंडीत तुरा जातो. दुसऱ्या, वायन्डॉट जातीच्या कोंबडीचा तुरा बसका, तिला काही झालं नाही.

आई फोनवर म्हणाली, "अरे, खोबरेल लावून चोळ, नि शेगडीपाशी धर." दोन्ही चालत नाही. चोळलं की मेलेल्यासोबत जिवंत कातडीही जाते, जोराचा शेकही तसाच वाईट. लेगहॉर्नला तळघरात बेताच्या उबेत ठेवली. टोकं काळी पडली, ती कापली नाहीत. खालच्या भागाचं झाकण तेच.

पण अंथरायला गवताचा पेंढा घातला, ही माझी दुसरी माया. कंटाळून तिनं तोच खाल्ला. गळ्याखालची दाण्याची पिशवी सकाळी रिकामी लागायला हवी. हिची पेरूएवढी, टणक. आपण पोटा-कलेजीतला पोटा आवडीनं खातो, त्यात कोंबडीनं टिपलेले खडे असतात, तेच तिचे दात. बाहेर सगळीकडे बर्फ, खडा मिळणार कुठून? तो आपणच द्यायचा असतो, हे मला आता कळलं.

खरी चीड पुढे आली. तीन दवाखाने म्हणाले, आम्ही कुत्री-मांजरी बघतो. म्हटलं दुकानातून काहीतरी औषध आणू. तर 11 जून 2023 पासून जनावरांची महत्त्वाची अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय मिळतच नाहीत! गावी दुकानदार लक्षणं ऐकून पुडी बांधून देतो. (अडकलेल्या पेंढ्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नव्हता, हे मला माहीत होतं. प्रश्न तत्त्वाचा होता.) चौथ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी बजावलं, उलटी धरून पिशवी पिळू नका, श्वासनलिकेत जातं. आमचे काका तसंच करायचे आणि कोंबड्या बऱ्याही व्हायच्या. ज्या झाल्या नाहीत त्यांचं कालवण झालं, त्यामुळे हिशेब कुणी ठेवला नाही.

दिवसभर दाणा बंद, कोमट पाणी, दर दोन-तीन तासांनी बोटांनी हलकेच मळणं, चोचीशी थेंब-थेंब तेल. आईचं खोबरेल शेवटी कामी आलं. तिसऱ्या सकाळी पिशवी चपटी लागली. दवाखान्याचं बिल मी घरी सांगितलेलं नाही.

"मग अंडी किती देते?" आईनं विचारलं.

अंडी उजेडावर ठरतात, आणि इथे जानेवारीत उजेड जेमतेम नऊ तास. नोव्हेंबरपासून एकही नाही.

म्हटलं, "आई, नेटवर्क जातंय."