शेपूट लावायचं की नाही

युनिफॉर्मच्या कामात गिऱ्हाइकाला काय हवंय याची शंका नसते. हाफ पँट म्हणजे हाफ पँट. सोलापुरात आमच्यासारखे गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ, आणि सगळ्यांची खरी धावपळ शाळा सुरू व्हायच्या आधी. डिसेंबरात गॅदरिंगं आली की मग झाशीची राणी, वाघ, टोमॅटो असलं काहीबाही शिवून देतो. त्यामुळे ड्रम शिकवणारे एक सर चार पोरं घेऊन आले आणि "काकू, हातात घालून नाचवायचा एक बाहुला करून द्या" म्हणाले, तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

मोबाईलवर दाखवला तो अ‍ॅनिमल. 'द मपेट शो'मधला ड्रमर. 1976 ते 1981 चाललेला बाहुल्यांचा टीव्ही कार्यक्रम, पोरांच्या आयांच्याही आधीचा, पण यांना त्याच्या क्लिपा तोंडपाठ. लालभडक, पिंजारलेला, जबडा उघडला की दात, गळ्यात साखळी. ड्रमसमोर बसला की अंगात आल्यासारखा. एका भागात बडी रिच या मोठ्या ड्रमरशी त्याची जुगलबंदी आहे. (नाव घेताना सरांनी कानाच्या पाळीला हात लावला.) आपण हरतोय म्हटल्यावर अ‍ॅनिमल उठून ड्रमच त्यांच्या डोक्यात घालतो. पोरांना हुतात्मा स्मृती मंदिर या आमच्या नाट्यगृहात तसाच सामना करायचा होता, एका बाजूला हलगी, दुसऱ्या बाजूला हा. हलगीवाल्याच्या डोक्यात काय घालायचं ते ठरायचं होतं.

आमच्या कटिंग मास्तरांनी चष्मा वर केला, स्क्रीन नीट बघितली आणि कामाचा प्रश्न विचारला, "याला शेपूट आहे का?"

झालं. तिथून पुढं तासभर माझ्या कटिंग टेबलावर कापड सोडून सगळं होतं.

"माणूस आहे बे तो. ड्रम कोण वाजवतं? माणूसच."

"माणसाला कुठं असले केस असतात?"

"माझ्या मामाला आहेत."

त्यांच्यातली एकुलती मुलगी ठाम होती की हा राक्षस आहे, बिस्किटं खाणाऱ्या त्या निळ्या कुकी मॉन्स्टर बाहुल्याच्या जातीतला. एकाला माकड वाटत होतं. चौथा म्हणाला, नावच अ‍ॅनिमल आहे, विषय संपला. त्यावर पहिला म्हणाला, "तुझं आडनाव कोल्हे आहे, मग तू कोण?" सरांचा मुद्दा साखळीचा. बँडमधल्या बाकी कुणाला साखळीनं बांधत नाहीत, यालाच बांधतात, म्हणजे जनावरच. "पण नंदीबैल मान हलवतो, वाजवत नाही," असं मशिनवरून आमच्या अक्का बोलल्या. ओव्हरलॉक थांबवून बोलल्या, म्हणजे प्रकरण गंभीर.

मग सरांनी आतली माहिती काढली. बाहुल्यातला हात आणि आवाज फ्रँक ऑझ यांचा, ड्रमचं वाजवणं मात्र रॉनी व्हेरेल या इंग्लिश ड्रमरचं. "बघा, आत दोन माणसं आहेत!" पहिला ओरडला. हा पुरावा मला तरी पटला नाही. सिंहाच्या झुलीतही माणूसच असतो, मीच शिवते ती.

मला जास्त आवडली ती त्याच कार्यक्रमातल्या केरमिट बेडकाची हकीकत. 1955 मध्ये मपेटचे जनक जिम हेन्सन यांनी आईचा जुना हिरवा कोट कापून तो केला, डोळ्यांना पिंगपाँगचा चेंडू अर्धा-अर्धा. तेव्हा तो बेडूक नव्हताच, पालीसारखं काहीतरी होता. बेडूक पुढं ठरला. आणि त्यांच्यातलाच दुसरा बाहुला गॉन्झो, तो कोण हे तर कितीतरी वर्षं कुणी सांगितलंच नाही, 1999 च्या सिनेमात तो परग्रहावरचा निघाला. म्हणजे शिवून आधी, ठरवून मग. आमच्याकडं उलटं चालतं, म्हणून मास्तरांना ते रुचलं नाही.

तोवर त्यांनी लाल फरचं कापड उलटं पसरलं होतं. फर कात्रीनं कापत नाहीत, केस तुटतात. मागच्या बाजूनं ब्लेडनं फक्त खालचं कापड चिरायचं. खडू हातात धरून ते म्हणाले, "शेपटीचं राहू द्या. केसांचं वळण कुणीकडं घेऊ ते सांगा. कुत्र्या-मांजराचे केस नाकापासून मागं जातात. माणसाची दाढी खाली उतरते. एकदा चिरलं की मला फिरवता येत नाही."

पोरं गप्प. क्लिप थांबवून थांबवून बघितली. प्रत्येक वेळी केस वेगळीकडं उडालेले.

शेवटी मीच सांगितलं: कपाळाचा तुकडा मागं, गालांचे खाली. वरून जनावर, खालून माणूस. मास्तर म्हणाले, भुवईपाशी शिवण दिसेल. दिसलीच. मग अक्कांनी सुईच्या टोकानं शिवणीत अडकलेले केस एकेक करून बाहेर ओढले, आणि तिथंच त्याच्या कपाळावर ती रागीट झुलपं आली जी आम्ही कुणी ठरवली नव्हती. संध्याकाळपर्यंत फोमचा जबडा बसला. मुलीनं हात घातला, अंगठा खालच्या जबड्यात, बोटं वरच्या, आणि पहिल्या झटक्यात मास्तरांच्या गळ्यातली टेप त्यानं दातात धरून ओढली. मास्तर हसले. एरवी हसत नाहीत.

शेपटीचा निकाल सोपा लागला. कमरेखाली बाहुला नाहीच, तिथून हात जातो. "पण असती का?" माकडवाल्यानं दारातून पुन्हा विचारलंच.

बिल करताना मी पेन धरून बसले. आमच्या बिलबुकात मालाचं वर्णन लिहावं लागतं, शर्ट, पिनाफोर, ट्रॅकसूट. मास्तरांकडं बघितलं, त्यांनी खांदे उडवले. मी लिहिलं, "ड्रमर, लाल, 1 नग." सरांनी ते वाचलं, मान डोलावली, आणि लगेच रकमेवर घासाघीस सुरू केली.