तुम्ही विचारलंत म्हणून: कुपा, म्हणजे ट्यूना मासा, किती डिग्रीच्या पाण्यात मिळतो?

आपल्या गोव्यातल्या मालीमच्या जेटीवर हाच प्रश्न, चतुर्थीत आरती संपली की हाच प्रश्न, आणि ऑगस्टमध्ये पावसाळी मासेमारीची बंदी उठली की रात्री उशिरा फोनवरही हाच: "अरे, तू शिकलेला माणूस, उपग्रहाचे समुद्राचे नकाशे वाचतोस, एक आकडा सांगून टाक ना. कुपा किती डिग्रीला मिळतो?" सांगितलं नाही तर लपवतो म्हणता. सांगितलं आणि मासा मिळाला नाही तर मग काय म्हणता, ते मला ठाऊक आहे. आजवर हे उत्तर तुकड्यातुकड्यांनी दिलं, आता एकदा सगळं लिहून काढतो.

आकडा मी लपवत नाही. पिवळ्या परांचा कुपा साधारण वीस ते तीस अंशांच्या पाण्यात सुखाने राहतो. आपल्यासमोरचं वरचं पाणी हिवाळ्यात सत्तावीस-अठ्ठावीस, मे महिन्यात तीस-एकतीस. म्हणजे आकडा दिला तर मी तुम्हाला अख्खा अरबी समुद्रच दिला. त्यात तुम्ही डिझेल किती जाळणार?

बघायची असते ती हद्द. दोन वेगळी पाणी एकमेकांना भिडतात, थोड्या अंतरात अर्धा-एक अंश बदलतो, रंगही बदलतो. त्या रेषेवर वाहून आलेलं सगळं गोळा होतं: काडीकचरा, बारीक जीव, ते खाणारे लहान मासे. कुपा डोळ्यांनी शिकार करतो, म्हणून तो गढूळ हिरव्यात घुसत नाही. हिरव्याला लागून जे निळं, स्वच्छ पाणी असतं तिथे फिरतो. हिरव्या बाजूला त्याचं जेवण आणि निळ्या बाजूला तो स्वतः. नकाशावर हिरव्याच्या मधोमध बोट टेकवणारे खूप पाहिले, त्यांना मी कडेवर या, कडेवर या म्हणून सांगत आलो.

आणि ती हद्दसुद्धा बारा महिने दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये वरचं पाणी सगळीकडे सारखंच तापतं, तापमानाचा नकाशा एका रंगाने माखल्यासारखा येतो. तेव्हा पाण्याच्या रंगाचाच आधार. ढग असले तर रंगही नाही आणि नेहमीच्या उपग्रहांचं तापमानही नाही. सूक्ष्मलहरींवर चालणारे उपग्रह ढगातून तापमान बघतात, पण त्यांची नजर इतकी जाडी की अंदाजे पंचवीस किलोमीटरचा चौकोन म्हणजे त्यांचा एक ठिपका. तुमची दोरी त्या ठिपक्यात कुठे टाकायची ते तो सांगत नाही. पावसाळा संपता संपता आणखी वेगळी गत. किनाऱ्याजवळ खालचं थंड पाणी वर येतं. दुसऱ्या कितीतरी समुद्रांत अशा थंड पाण्याची कड म्हणजे ट्यूनाची जागा. आपल्याकडे त्या थंड पाण्यात प्राणवायू फार कमी. दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर वर्षानुवर्षं पाणी मोजून हे दाखवलंय. कुपा सतत पोहत राहिला तरच त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहतं, अंग आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम ठेवतो, त्याला प्राणवायू भरपूर लागतो. दम कोंडणाऱ्या पाण्यात तो कशाला थांबेल? म्हणून परदेशातला व्हिडिओ बघून "थंड पाणी शोध" असं मला सांगू नका.

आता ती फेब्रुवारीतली गोष्ट. तुमच्यातल्या निम्म्यांनी ती ऐकली आहे, आणि बहुतेकांनी चुकीची ऐकली आहे.

मामाने जुन्या ट्रॉलरवर लांब दोरीचे गळ बसवून घेतले होते. सुंगटं म्हणजे कोळंबी आणि बांगडे यांच्या मागे धावून डिझेलही सुटत नव्हतं, बाहेरच्या पाण्यात कुपा आहे हे सगळे म्हणत होते. त्या आठवड्यात आकाश एकदम मोकळं होतं. नकाशा इतका स्वच्छ मी क्वचितच पाहिला असेल: वायव्येकडून हिरव्याची एक जीभ खाली आलेली, तिची कड बरोबर शंभर वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) खोल पाण्याच्या आसपास. किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या पलीकडे. मी कागदावर कड आखून दिली, नकाशा कोणत्या तारखेचा ते वर लिहिलं, आणि मीही बोटीवर गेलो. पहाटे निघालो, दुपार कलताना पोचलो.

तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, साठी ओलांडलेला, आमच्या पेडण्याकडचाच. इंजिन मंद केलं, तसं त्याने बादली सोडून पाणी वर घेतलं आणि त्यात हात घातला. पाणी शेवाळलेल्या टाकीतल्यासारखं हिरवं. बोटं एकमेकांवर चोळून त्याने नाकाशी नेली. "शेट, ह्या पाण्यात दोर नको," तो मामाला म्हणाला. मामा म्हणाला, "नकाशार हीच जागा आसा." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी थर्मामीटर काढला. बादलीत मोजलं, अर्धा तास पश्चिमेला चालून पुन्हा मोजलं, तिथून पुन्हा. पारा हलला नाही. मी मामाला स्पष्ट सांगितलं की इथे तापमानाची हद्द नाही, नुसता रंग आहे, तांडेल म्हणतो ते ऐकू या. मामा थोडा वेळ रेलिंगला धरून उभा राहिला. डिझेल जळलेलं, बर्फ भरलेला, दिवस बुडायला आलेला. दोर टाकायला सांगितला.

रात्री बोटीभोवतीचं पाणी पेटल्यासारखं चमकत होतं. एका खलाशाने हात धुतले तर मनगटापर्यंत निळसर उजेड. ज्यांनी पहिल्यांदा पाहिलं त्यांना मौज वाटली. तांडेल केबिनमधून बाहेर आला नाही. पहाटे दोर ओढायला घेतला तेव्हा प्रत्येक गळाच्या दोरीवर बुळबुळीत थर, हाताला चिकटणारा, आणि आमिषाचे बांगडे जसे लावले तसे. कोणी तोंड लावलेलं नाही. फक्त पांढरे पडलेले, फुगलेले. एकामागून एक गळ वर येत होता आणि प्रत्येकावर तोच अख्खा बांगडा. खलाशी आधी काहीबाही बोलत होते, मग बोलणं थांबलं, नुसता दोर ओढणाऱ्या विंचचा आवाज. ते बांगडे सोडवून समुद्रात टाकायचं कामही मामाने कोणाला सांगितलं नाही, त्याने स्वतः केलं.

ते नॉक्टिल्युका होतं. हिवाळ्याच्या शेवटी अरबी समुद्रात ते माजतं. एकपेशी जीव, आणि त्याच्या पोटात हिरवे बारीक पाहुणे राहतात. उपग्रह पाण्यातला हरितद्रव्याचा रंग मोजतो. तो हिरवा माशांच्या उपयोगाच्या वनस्पतीचा की या जिवाच्या पोटातला, हे त्या नकाशावर वेगळं दिसत नाही. आणि नॉक्टिल्युका स्वतःच ती उपयोगाची वनस्पती खाऊन टाकतं. त्याच्यात अमोनिया असतो, त्याला खाणारे म्हणजे जेलीफिशसारखे मोजके. तांडेलाने बोटं नाकाशी नेली ती याचसाठी.

सकाळी तांडेलाने कोणाला न विचारता पश्चिम धरली. दोन-तीन तासांनी पाणी निळं झालं, पक्षी दिसले, तिथे पंचवीस-तीस किलोचे दोन कुपे लागले. पण डिझेल परतीपुरतंच उरलं होतं. मालीमला लिलावात त्यांची जी किंमत आली तिच्यात बर्फाचाही खर्च निघाला नाही. जेटीवर कोणीतरी मोठ्याने विचारलं, "उपग्रहान दोनच दाखयले काय?" लोक हसले. मामा हसला नाही, मला बोललाही नाही. पुढच्या मोसमाआधी त्याने विंच आणि दोर विकून पुन्हा जाळं चढवलं. त्या सामानासाठी मामीच्या बांगड्या गहाण होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हापासून "याच्या नकाशाने बोट बुडवली" असं म्हणणाऱ्यांना मी उत्तर देत आलोय. नकाशा खोटा नव्हता. त्याने पाणी हिरवं सांगितलं, ते हिरवंच होतं. तारीख मी लिहिली होती, तापमानाचं मी बोललो होतो. हे मी पुन्हा म्हणेन, दहा जणांसमोर म्हणेन. पण एकटा असतो तेव्हा यातलं काही पुरत नाही. ते पांढरे पडलेले बांगडे समोर येतात, आणि "मी सांगितलं होतं" हे वाक्य त्या विंचच्या आवाजात ऐकू येत नाही.

रत्नागिरीला शिकत होतो तेव्हा तांडेलांशी मी भांडायचो. सगळं ज्ञान दोन-चार म्हाताऱ्यांच्या हातात, ते मुलालाही नीट सांगत नाहीत. उपग्रह सगळ्यांना सारखं देईल, गरीब बोटवाल्यालाही. ते म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था ती माहिती फुकट देते: दिशा, अंतर, खोली, अक्षांश-रेखांश, ट्यूनासाठी वेगळी. समुद्र बघणाऱ्या आपल्या २००९ च्या ओशनसॅट-२ उपग्रहानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये ओशनसॅट-३ वर गेला, त्याचा रंग मोजणारा कॅमेरा प्रकाशाच्या तेरा पट्ट्यांत बघतो. हातात बादली घेतलेल्या कोणत्याही तांडेलाला शंभर किलोमीटरवरचं पाणी जेटीवरून दिसत नाही. नकाशाला दिसतं.

पण तांडेलाला एका मिनिटात जे कळलं ते नकाशाला दिवसभरात कळलं नाही, हेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आता बोटींवरचे खलाशी बाहेरच्या राज्यांतून येतात, मोसम संपला की जातात. पाण्यात हात घालायला त्यांना कोण शिकवणार? आणि सगळ्यांना सारखी माहिती मिळाली की सगळ्या बोटी एकाच कडेवर, हे मी शिकताना विचारातच घेतलं नव्हतं. हिंदी महासागरातला हा पिवळ्या परांचा कुपा प्रमाणाबाहेर पकडला गेलाय, असा २०१५ च्या मोजणीचा निष्कर्ष होता. २०२४ च्या मोजणीत चित्र सुधारलं. ते तसंच राहावं म्हणून मी नकाशे वाचणं थांबवू का? एखादा पोरगा फोनवर "दादा, उद्या निघतोय" म्हणतो तेव्हा थांबवता येत नाही. कधीतरी थांबवावं असंही वाटतं. यावर माझं माझ्याशीच अजून जुळलेलं नाही.

तर फोन करा, पण डिग्री विचारू नका. कोणत्या तारखेला निघताय, किती वाव पाण्यात जाणार, परतीचं डिझेल सोडून किती उरतं, बर्फ किती, ते सांगा. कुपा वर काढल्यावर लगेच गार झाला नाही तर त्याच्यात विष तयार होतं, म्हणून बर्फाचं मी विचारणारच. मी कड सांगेन, नकाशा किती जुना ते सांगेन. पोचल्यावर बादली टाका, वास घ्या, थर्मामीटर नेला असेल तर दोन ठिकाणी मोजा. आणि बोटीवर म्हातारा तांडेल असेल तर दोर टाकायच्या आधी त्याला विचारा. तो नको म्हणाला तर मला वायरलेसवर सांगा, मी तुमच्या शेटशी बोलतो.