चहाच्या पातेल्यात उकळलेलं फूल आणि त्याच्या नावाचा किस्सा

आमचा आतेभाऊ फौजेत आहे. साताऱ्यात ही काय सांगायची गोष्ट नाही म्हणा, घरटी एक असतोच. तर दादाची पोस्टिंग तेव्हा मेघालयात होती आणि नोव्हेंबरात एका रात्री व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो आला, पांढरं फूल, मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका, खाली मेसेज, "हा जंगली चहा आहे का गं? इथली लोकं काय वेगळंच म्हणतात. तू बॉटनीवाली ना, सांग." मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, अंगात नुसती हुशारी भरलेली, लगेच टाइप केलं, हो चहाच आहे, कॅमेलिया सायनेन्सिस (चहाचं शास्त्रीय नाव). त्याचा अंगठा आला, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी डिपार्टमेंटला तोच फोटो सरांना दाखवला, कौतुक होईल म्हणून. सरांनी मोबाईल नाकापर्यंत नेला आणि विचारलं, "देठ कुठाय?" देठ फोटोत नव्हताच. "फुलाच्या खालचे खवले? ओव्हरीवर (फुलातल्या बीजकोशावर) लव आहे का? फळ कसंय?" मी गप्प. मग म्हणाले, "बाळा, फोटोवरून कॅमेलिया ओळखायचा म्हणजे लग्नाच्या अल्बममधला पाहुणा मुलाकडचा का मुलीकडचा ते सांगण्यासारखं आहे."

जरा राग आला खरं तर, पण त्या रागातच लायब्ररीत बसले आणि मग कळलं की माझ्यापेक्षा लय मोठी माणसं इथं घोळात पडलीयत. झाडांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५३ साली एकाच पुस्तकात चहाला थिया म्हणून वेगळा जीनस (जवळच्या झाडांचा गट) दिला आणि जपानी शोभेच्या फुलाला कॅमेलिया म्हणून वेगळा. कॅमेलिया हे नाव ज्याच्यावरून ठेवलं तो कामेल नावाचा मिशनरी, फिलिपिन्समध्ये झाडं गोळा करायचा, त्याचा या झाडाशी काडीचा संबंध नाही. पुढं १८१८ मध्ये स्वीट नावाचा इंग्रज बॉटनीवाला म्हणाला दोन्ही एकच जीनस, तरी चहाला आजचं कॅमेलिया सायनेन्सिस हे नाव मिळायला १८८७ उजाडलं. आणि या जीनसमध्ये स्पेसीज (जाती) किती याचा तर मेळच नाही! लंडनच्या क्यू गार्डन या बोटॅनिकल बागेतल्या सीलीने १९५८ मध्ये ८२ धरल्या, चीनमधल्या चांग यांनी १९८१ मध्ये त्या दोनशेच्या घरात नेल्या, आणि २००० मध्ये चीनमधल्याच मिंग यांनी छाटून ११९ वर आणल्या. झाडं तीच आहेत हो. एकाला पानाच्या लवेतला फरक पुरतो, दुसरा म्हणतो एवढा फरक एका डोंगराच्या दोन बाजूंना पण पडतो. त्यात ही झाडं आपसात संकर करतात, काहींचे क्रोमोसोमचे संच दुप्पट तिप्पट झालेले, त्यामुळं रेघ ओढायची कुठं हा प्रश्न उरतोच.

पिवळ्या कॅमेलियाचं प्रकरण तर आमच्या भावकीच्या सातबाऱ्यासारखं निघालं. चीनमध्ये १९४८ साली एकाने त्याला निटिडिसिमा म्हटलं, १९६५ मध्ये दुसऱ्याने क्रायसँथा, बागवाल्यांनी हे दुसरं नाव जगभर पसरवलं, पण नियम असा की आधी रीतसर छापलेलं नाव खरं, मग क्रायसँथा मागं पडलं. तेवढ्यावर थांबत नाही, मिंग म्हणतात की व्हिएतनाममधून १९२४ लाच पेटेलोटी नावाने जे छापलंय ते हेच झाड, म्हणजे निटिडिसिमा पण गेलं. सगळ्यांना हे पटलेलं नाही अर्थात.

मग दादाला व्हिडिओ कॉल करून प्रेसिंग, म्हणजे फांदी दाबून वाळवायचं, शिकवलं. पेपरात पान एक सुलटं एक उलटं ठेव, फूल एक उघडं एक कळी, रोज पेपर बदल, वरून वजन ठेव. त्यांच्या इथं रस्ता रुंद करताना तोडून टाकलेल्या फांद्या पडलेल्या, त्यातल्याच उचलल्या त्याने. वजन म्हणून फौजेची काळी ट्रंक. "अख्ख्या युनिटला वाटतंय मी लव्ह लेटरमध्ये फुलं ठेवतोय," म्हणाला.

फेब्रुवारीत सुट्टीवर आला, पुण्याहून एसटीने मध्यरात्री स्टँडवर उतरला आणि सकाळी चहा पण न घेता ते पुडकं हातात दिलं. आता माझा शहाणपणा बघा. पेपर उघडले, आत तपकिरी चुरा होता, मी गॅलरीत जाऊन पेपर स्वच्छ झटकला. नंतर सरांनी विचारलं खवले कुठायत, तेव्हा ट्यूब पेटली की तो चुरा म्हणजेच फुलाखालचे खवले होते आणि ते खालच्या काकूंच्या तुळशीत गेले. सर काही बोलले नाहीत, नुसता चष्मा काढून पुसला. नशीब की दादाने सांगितल्याप्रमाणे दोन कळ्या पण ठेवल्या होत्या.

वाळलेलं फूल कापायचं तर आधी मऊ करावं लागतं, पाण्यात उकळायचं, थेंबभर साबण टाकून. रविवारी कॉलेज बंद, मला दम नव्हता, घरातलं चहाचं पातेलं घेतलं. आई आली, "अगं काय शिजवतीयस त्यात?" म्हणलं चहाचाच भाऊबंद आहे. ते पातेलं त्या दिवसापासून कायमचं माझं झालं.

सोमवारी डायसेक्शन मायक्रोस्कोपखाली पांढऱ्या टाइलवर ती कळी ठेवली, सुई आणि अर्धं ब्लेड घेऊन एकेक खवला सोडवत गेले. चहाच्या फुलाला नीट देठ असतो, फूल खाली झुकतं, देठावरची छोटी छदं (पानासारखे खवले) गळतात पण पाच सेपल (पाकळ्यांखालची दलं) फळाखाली पण टिकून राहतात. इथं देठ जवळजवळ नाहीच, आणि खवले खालून बारीक, वर जाईल तसे मोठे, छद कुठं संपलं आणि सेपल कुठं सुरू झालं तेच कळेना. मी तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा. मला वाटलं माझंच चुकतंय. सर मागून बघत होते, म्हणाले, "कळत नाही हेच लिही, तेच तर कॅरेक्टर आहे, ओळखायची खूण." म्हणजे चहा कटाप! फूल उमललं की हे खवले गळून पडतात, म्हणून तर पेपरात चुरा.

मग उरले दोन जंगली कॅमेलिया, मेघालयातल्या खासी टेकड्यांत दोन्ही सापडतात. त्यातल्या कॅमेलिया कॉडाटाच्या पानाला शेपटीसारखं लांब टोक असतं, नावच त्यावरून, आणि केसर खाली जुळून नळी झालेली. आमच्या पानाला टोक होतं पण शेपूट म्हणण्याइतकं नाही, केसर जवळजवळ सुटे, ओव्हरीवर दाट पांढरी लव, वर स्टाइलला (ओव्हरीवरच्या दांडीला) तीन फाटे. किस्सी! कॅमेलिया किस्सी, वॉलिक या बॉटनीवाल्याने १८२० मध्ये नेपाळच्या झाडावरून छापलेलं नाव. इंग्रजीत नावाच्या शेवटी कुणी एक आय लिहितं कुणी दोन, त्यावर माझा एक अख्खा दिवस गेला, तो सोडा.

हाच वॉलिक कोलकात्याच्या बोटॅनिकल बागेचा प्रमुख होता. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश माणसाला आसामात तिथल्या सिंगफो जमातीच्या लोकांकडून जंगली चहाचा पत्ता लागला, पुढं झाडाची पानं वॉलिककडे गेली तर हा म्हणाला चहा नाही, कॅमेलिया आहे. १८३४ मध्ये फळांसकट नमुने आले तेव्हा कुठं सरकारी चहा कमिटीने मान्य केलं. हे वाचून मला जाम बरं वाटलं, म्हणजे दोन बोटांनी 'चहाच आहे' टाइप करणारी मी आणि 'चहा नाही' म्हणणारा तो, दोघंही अर्धवट मालावर बोललो. गंमत म्हणजे आजच्या हिशोबाने चहा पण कॅमेलियाच, मग तो चुकला म्हणायचं का नाही?

मला वाटलं आता शीट शिवायची, म्हणजे वाळलेली फांदी जाड कागदावर टाचायची, लेबल लावायचं, झालं. लेबलवर आलं आणि गाडी अडली. तारीख होती, गोळा करणाऱ्याचं नाव होतं. ठिकाण? उंची? जीपीएस? दादाला फोन केला तर हसायलाच लागला, "वेडी आहेस का, लोकेशन मागतीयस? मोबाईलचं लोकेशन ऑन केलं तरी साहेब उलटं टांगतील." गावाचं नाव तरी? "रस्ता. डोंगर. पाऊस. लिही." सरांना सांगितलं, सर म्हणाले बिनपत्त्याच्या शीटला मोठं हर्बेरियम (वाळवलेल्या झाडांचा संग्रह) दारात उभं करणार नाही. मग त्यांनी आमच्या कपाटातली वायतुऱ्याची शीट काढून दाखवली, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, १९८२ साली आपल्या साताऱ्याचं नाव लावलेली, इंग्रजी वाय अक्षरासारखा दोन फाट्यांचा तुरा. ती कासच्या कुठल्या डबक्यातून कधी काढली ते लेबलवर अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं. "कासला जाऊन उद्या तपासता येईल. तुझ्या डोंगराचं काय?"

वाद घालायला जागा नव्हती. आमची शीट शिकवायच्या कपाटात गेली, लेबलवर 'मेघालय, खासी टेकड्या, रस्त्याकडेला' एवढंच. ज्युनिअर पोरं बोटं लावून लावून एक पान तुटलं पण त्याचं. फळ तर शेवटपर्यंत मिळालंच नाही, ते पिकायला पुढच्या वर्षीचा पाऊस सरावा लागतो आणि त्याआधी दादाची बदली राजस्थानात झाली.

गेल्या महिन्यात तिकडून रोहिडा नावाच्या झाडाचे फोटो आले. फूल समोरून, फूल मागून, देठ, पानाची दोन्ही अंगं, शेंग, शेजारी मापाला काडेपेटी, आणि खाली लिहिलेलं, "झाड माझ्या दुप्पट उंच, वाळू, सकाळी साडेसात." जागा अजूनही सांगत नाही.